नाखवा बाकारीचं उसवलेलं शीड

१

शर्यतीच्या दिवशी सकाळी नाखवा बाकारीच्या खलाशांनी शीड वर चढवून पाहिलं. ते अर्ध्या डोलकाठीपर्यंत पोचलं नाही तोच मधले पट्टे एकमेकांपासून सुटले आणि वाऱ्यावर फडफडत लोंबायला लागले. लामू बेटाच्या किनाऱ्यावर त्या वेळी निम्मं गाव उभं होतं.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की बरं झालं.

मी रिझिकी. मेंदी काढते. आई गेल्यापासून या बेटावरच्या नवऱ्या मुलींचे हात माझ्याच मांडीवर रंगतात. तीस वर्षांपूर्वी माझं स्वतःचं लग्न याच बाकारीशी ठरत आलं होतं. त्याच्या आईनं ऐन वेळी मिझेला पसंत केलं, आणि मिझेच्या हातावर मेंदी कुणी काढली? मीच. पुढे बाकारीनं झुहूराशी दुसरं लग्न केलं, तिचीही मीच काढली. म्हणजे त्या माणसाच्या घरात मी दोनदा गेले, दोन्ही वेळा वाटी घेऊन. पुढे माझंही लग्न झालं, नवरा भला होता, देवाघरी गेला. पण बाकारीचं नाव निघालं की अजून माझा जुना हेवा जागा होतो तो होतोच.

तर बाकारीचं नवंकोरं गलबत, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पांढऱ्या अक्षरांत धाकट्या बायकोचं नाव, 'झुहूरा'. आणि शर्यतीच्या दिवशी त्याच्या शिडाची ही दशा.

शर्यत साधी नव्हती. नवा धक्का झालाय ना, पर्यटकांच्या बोटींसाठी. जो नाखवा जिंकेल त्याला धक्क्यावरून हॉटेलच्या पाहुण्यांना फिरवायचं काम अख्ख्या हंगामासाठी मिळणार होतं. हा धक्का आल्यापासून गावाला काय झालंय कळत नाही. पाहुणे निळ्या दाराचे फोटो काढतात म्हणून माझ्या शेजारणीनं दार निळं केलं, तर तिच्या जावेनं दुसऱ्या दिवशी भिंतसुद्धा निळी केली. हलवेवाला स्वतःचा हलवा विकायचा सोडून समोरच्याची गिऱ्हाइकं मोजत बसतो. ज्याला त्याला दुसऱ्याचं खुपतं. माझं सोडा, मी आधीपासूनच तशी.

"हे कुणाचं काम ते विचारायलाच नको!" बाकारी ओरडला. "काल दुपारी मी स्वतः शीड बघून ठेवलं. त्यानंतर सगळे पुरुष धक्क्यावर स्वागताच्या तालमीला होते, पार अंधार पडेपर्यंत. फक्त तो बुनू तिथे नव्हता!"

बुनू म्हणजे माझा धाकटा भाऊ. आधी बाकारीच्याच हाताखाली होता, आता स्वतःची होडी घेऊन शर्यतीत उतरला होता. गावात बाकारीला टक्कर देईल असा तोच.

पर्यटन कमिटीचे अध्यक्ष स्वालेह साहेब पुढे आले. नवी टोपी, नवा सदरा, कपाळावर घाम. त्यांनी सुटलेल्या पट्ट्याची कड उचलून सगळ्यांना दाखवली. तिथे अंगठ्याएवढा तांबूस डाग होता.

"हा गंज," ते म्हणाले. "बुनू, तुझा सुरा दाखव बरं."

खाऱ्या पाण्यात वापरलेला सुरा, गंजलेला असणारच. बुनूनं काढून दिला. लोक कुजबुजले.

"काल कुठे होतास?"

बुनू पायानं वाळू उकरत राहिला.

"दुपारच्या नमाजापर्यंत वेळ देतो," स्वालेह साहेब म्हणाले. "खरं काय ते सांग. नाहीतर तुझं नाव शर्यतीतून बाद, आणि या धक्क्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. बाहेरचे पाहुणे बघतायत आपल्याकडे!"

मी त्याला दंडाला धरून होड्यांच्या मागे नेलं. "मुका झालास का? कुठे होतास?"

"होडीत."

"काय करत होतास एकटा?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "तळाच्या भेगा बुजवत होतो, ताई. पाणी येत होतं. आता थेंब येत नाही, तुझी शपथ. पण होडी गळत होती हे कमिटीला कळलं तर ते मला पाहुणे देतील का?"

म्हणजे खरं बोलला तरी तो बाहेर, आणि गप्प बसला तरी बाहेर. होडीपायी त्यानं बायकोचे दागिने विकले होते. काम गेलं तर होडीही जाणार होती.

"तू तोंड बंद ठेव," मी म्हटलं. "बोलायचं काम माझं."

२

शीड वाळूवर पसरलं होतं, आणि त्याच्यापाशी एकच माणूस उकिडवा बसला होता. कोंबोबाबा. सत्तरी उलटलेला, बेटावरची सगळी शिडं त्यानं शिवलेली. फक्त हे नाही. हे बाकारीनं घरात मिझेकडून शिवून घेतलं. मिझे शीड शिवणाऱ्याचीच पोरगी, बापाशेजारी बसून शिकलेली. कोंबोबाबाला कडेची दोरी तेवढी शिवायला बोलावलं होतं.

"तुमची दोरी शाबूत आहे, बाबा," मी म्हटलं. "लोक तुमच्याकडेही बघतायत."

"बघू देत! डोळे आहेत त्यांना, पण दिसत काही नाही." त्यानं मला खाली ओढलं. "बस इथे. कापड बघ. कुठे कापलंय?"

मी पाहिलं. शीड म्हणजे जाड पांढऱ्या कापडाचे लांब लांब पट्टे, एकाला एक शिवलेले. कापड कुठेच फाटलं नव्हतं. पट्टे मोकळे झाले होते, एवढंच.

"टाके तोडलेत," कोंबोबाबा म्हणाला. "एकेक करून. चार शिवणी. बुनूला गलबत थांबवायचं असतं तर आडवा सुरा मारून पळाला असता. मला थांबवायचं असतं तर मी दोरी अशी सोडली असती की ते समुद्रात गेल्यावर निसटलं असतं. इथे कुणीतरी निवांत बसलंय, पोरी. बसून टाक्यांशी भांडलंय."

"टाक्यांशी?"

"नाहीतर काय? माझी दोरी ठेवली, कापड ठेवलं. मिझेचा टाका तेवढा वेचून काढला." मग त्यानं एक उरलेली शिवण बोटानं चाचपली आणि तोंड वाकडं केलं. "टाका चांगला घालते हो. तिच्या बापासारखा. माझ्या पोटात दुखतं ते त्याचंच."

मी ती डागाची कड उचलली. स्वालेह साहेबांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, मी नाकाला लावली.

गंजाला कधी लवंगेचा वास येतो का?

मेंदी, लिंबाचा रस आणि लवंगेचं तेल. माझ्याच हातचं मला ओळखू येणार नाही, असं होईल का? कुणाच्या तरी ओल्या मेंदीचा अंगठा इथे टेकला होता. सगळ्यांना मी तेल घालत नाही, महाग पडतं. शर्यतीसाठी काल सकाळी पंचवीस बायकांचे हात रंगवले, त्यांना नुसतं लिंबू. बाटलीच्या तळाचे शेवटचे थेंब मी दुपारी एका वाटीत पिळले. मांडवात पहिल्या रांगेत बसणाऱ्या बायका, त्यांचा रंग उठून दिसायला हवा.

त्या वाटीतून दोनच बायकांना मेंदी लावली होती. आणि दोघीही बाकारीच्याच.

३

तुम्ही म्हणाल, मग गावानं त्या दोघींवर संशय कसा घेतला नाही? अहो, कसा घेणार? मेंदी काढून झाली की मी हात कापडात गुंडाळते आणि सांगते, उद्या सकाळपर्यंत सोडायचं नाही. अशा बाईला दुसरी कुणीतरी भरवते, पाणी पाजते. ती नाकावरची माशी हाकलू शकत नाही, ती टाके काय उसवणार! आणि किनाऱ्यावरून काळ्या बुईबुईत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली एखादी बाई गेली, तर ती कोण हे बघायला कोण थांबतं?

मी आधी धाकटीकडे गेले. झुहूराचं घर वरच्या गल्लीत, पांढऱ्या चुन्याचं, नीटनेटकं. बाकारी दोन्ही घरांत डावं-उजवं करत नाही, हे गावाला पाठ आहे. हिला अंगावर ओढायचा कांगा घेतला की तिलाही त्याच किमतीचा. मटण आणलं तर तराजूत घालून दोन वाटे. तीन दिवस इथे, तीन दिवस तिथे, आणि सातव्या दिवशी आईकडे. मशिदीत त्याचं उदाहरण देतात.

झुहूरा दारात आली तेव्हा तिनं घरातसुद्धा कांगा खांद्यावरून लांब सोडला होता, उजवा हात पार झाकून.

"या, रिझिकीबाई. ऐकलं ना काय झालं ते?"

"ऐकलं, आणि बघितलंही. तुझा हात कसा रंगलाय, दाखव."

तिनं डावा हात पुढे केला. काय रंग आला होता! गडद, खजुरासारखा. माझंच काम, पण मलाच बघत राहावंसं वाटलं.

"कोण करत असेल हो असं?" ती म्हणाली. "माझं नाव आहे त्या गलबतावर. ते हरलं की लोक काय म्हणणार? झुहूरा बुडाली!"

ते खरंच होतं. जिच्या नावाचं गलबत, ती त्याचं शीड का उसवेल?

"बाकारी आला होता का सकाळपासून?"

"कुठला? किनाऱ्यावर ओरडतोय. आज संध्याकाळी तरी वेळेवर येईल म्हणा. आता शिवायचं काही राहिलं नाही ना." एवढं बोलून ती आत गेली आणि आल्याची कॉफी घेऊन आली.

आणि ती कॉफी तिनं मला डाव्या हातानं दिली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. डाव्या हातानं आम्ही भिकाऱ्यालासुद्धा पाणी देत नाही. माझ्या मांडीवर हिच्या लग्नाचे हात रंगले, आणि हिच्या लेखी मी कोण? मेंदीवाली! नाळेवर नाव आलं तर एवढा तोरा, उद्या धक्क्याचं काम मिळालं तर ही मला दारातच उभी करेल. मी पेला तसाच खाली ठेवला.

"न पिता चाललात?"

"माझं पोट भरलंय," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

गल्लीत आल्यावर राग ओसरला, आणि त्या जागी दुसरंच काहीतरी गोड गोड वाटायला लागलं. धाकटी नाही. मग उरली कोण? मिझे! सवतीचं नाव गलबतावर, आणि शीड शिवायला मात्र ही. कुठल्या बाईला सहन होईल? तीस वर्षं ज्या बाईचा मी हेवा केला, ती आज माझ्या हातात सापडली होती. खालच्या गल्लीकडे मी चालत नव्हते, जवळजवळ पळतच होते.

४

मिझे ओसरीवर बसली होती. समोर महमरीच्या गोड पुऱ्यांचं ताट, हात न लावलेलं. तिची बहीण पंखा घालत होती.

"मिझे, हात दाखव."

"आत्ता? रंग बघायला आलीस?"

"दाखव म्हणते ना!"

तिनं दोन्ही तळहात माझ्यापुढे उघडले.

काळे. कॉफीसारखे काळे, दोन्ही. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत एकसारखे. माझं तोंडच पडलं. इतका रंग एकाच मार्गानं येतो, रात्रभर मेंदी न हलवता. माणूस खोटं बोलेल, शेजारीण खोटं बोलेल, पण मेंदीला खोटं बोलता येत नाही. दोन तासांत धुतली तर फिक्की, रात्रभर ठेवली तर अशी.

"काल दुपारपासून मीच भरवतेय तिला," तिची बहीण म्हणाली. "का गं? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि मला चक्क वाईट वाटलं. मिझे निर्दोष निघाली याचं वाईट! इतकी मी हलकट.

मिझेला मात्र तेवढ्यानं रडू फुटलं. "तू पाहिलंस ना ते शीड? माझे तीन महिने गेले गं, रिझिकी."

"शिवता येईल पुन्हा."

"शिवता येईल. पण तसं नाही." तिनं डोळे दंडाला पुसले. "एवढं मोठं कापड एकटीला आवरत नाही. दुसरं टोक कुणीतरी ताणून धरावं लागतं. तो धरायचा. रोज संध्याकाळी यायचा, समोर बसायचा. मी टाका घालायचे, तो टोक धरायचा. आधी नुसतं वाऱ्याचं बोलायचा. मग एक दिवस त्याच्या आईचं बोलला. मग लहानपणीचं. कधी कधी हसायचा. तीस वर्षांत तो माझ्यासमोर असा बसला नव्हता, मी न बोलावता."

मला ती संध्याकाळ दिसली. पांढरं कापड, एका टोकाला ती, दुसऱ्याला तो. त्या क्षणी कुणी माझ्या हातात पातं दिलं असतं ना, तर मी सरळ जाऊन...

मी तिथेच थांबले. मी सरळ जाऊन काय केलं असतं?

"मिझे," मी विचारलं, "तो रोज यायचा? तिच्या वाटणीच्या दिवशीसुद्धा?"

"शिडाचं काम ना ते. ते वाटणीत कुठे धरायचं?" ती म्हणाली. "अंधार पडला की तिच्याकडे जेवायला जायचा."

कोंबोबाबा म्हणाला होता, कुणीतरी टाक्यांशी भांडलंय. गलबताशी नाही, शिडाशी नाही. आता शिवायचं काही राहिलं नाही ना, असं मला सकाळीच कुणीतरी सांगितलं होतं. आणि ज्या बाईनं जन्मात कधी थोरामोठ्यांची रीत मोडली नाही, तिनं मला कॉफी डाव्या हातानं दिली, ती अपमान करायला नव्हे. तिला उजवा दाखवायचा नव्हता!

मी ताडकन उठले.

"कुठे निघालीस?" मिझेनं विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मिझे काही मूर्ख नाही. "थांब. मीही येते."

५

या वेळी मी आत बोलवायची वाट पाहिली नाही. "झुहूरा, उजवा हात दाखव."

तिनं माझ्यामागे उभ्या असलेल्या मिझेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. कांगा आपोआप खांद्यावरून सरकला.

उजवा तळहात फिक्का केशरी होता. डाव्याशेजारी धरला तर दोन वेगळ्या बायकांचे हात वाटले असते.

"मी मेंदी काढून गेल्यावर तू दोन तासांत उजवा हात सोडून धुतलास," मी म्हटलं. "डावा तसाच गुंडाळलेला ठेवलास. बुईबुई घातलीस, ओहोटीला पाणी घोट्याएवढं होतं, तशी गलबतावर गेलीस. डाव्या हातानं कापड दाबून धरलंस आणि उजव्यानं टाके तोडलेस. गुंडाळीतून मेंदी बाहेर आली आणि डाव्या अंगठ्याचा डाग शिडावर पडला. त्या डागापायी माझ्या भावाचं पोट जातंय, झुहूरा. बोल, खोटं असेल तर."

तिनं खाली बसून तोंड गुडघ्यांत घातलं.

"तो सगळं मोजतो," शेवटी ती आतल्या आवाजात म्हणाली. "मटण मोजतो, तेल मोजतो, दिवस मोजतो. मी एकदा म्हटलं, माझ्या संध्याकाळी तू तिकडे का असतोस? तर म्हणाला, वेडे, ते काम आहे, तुझ्याच नावाच्या गलबताचं काम! मला नाव दिलं. नाव घेऊन काय करू मी? घरी यायचा तेव्हा पेंगत असायचा. सगळं बोलणं तिकडे संपवून यायचा."

मिझे एकेक शब्द ऐकत उभी होती. मला वाटलं, आता ही हिच्या झिंज्या उपटणार. खरं सांगायचं तर मी थोडी बाजूलाही झाले, जागा व्हावी म्हणून.

"शर्यत थांबवायची नव्हती मला," झुहूरा रडत म्हणाली. "वाटलं, सकाळी लवकर बघतील, दुसरं जुनं शीड लावतील. बुनूचं नाव येईल असं मनातही नव्हतं. आता कबूल केलं तर तो मला माहेरी पाठवेल."

मिझे पुढे झाली, तिच्यासमोर बसली आणि तिचा तो फिक्का हात उलटा करून पाहिला.

"चार शिवणी उसवल्यास?"

"हो."

"सुरा लागला का कापडाला कुठे?"

"नाही."

"एवढे माझे टाके, बसून, एकेक करून, कापडाला धक्का न लावता." मिझेनं नाक ओढलं. "म्हणजे हात हलका आहे तुझा. तुला सुई धरता येईल. ऊठ."

६

दुपारच्या नमाजाला थोडाच अवकाश होता. स्वालेह साहेब धक्क्यावर पाहुण्यांच्या खुर्च्या मोजत होते, बाकारी त्यांच्यामागे धुसफुसत होता. बुनू लांब, आपल्या होडीपाशी उभा होता, जणू फाशीची वाट बघत. मी काय बोलायचं ते मनाशी जुळवत होते, तोवर मिझेच पुढे गेली.

"शीड मी उसवलं," ती खणखणीत म्हणाली. "मधल्या शिवणी वाकड्या गेल्या होत्या. रात्री पुन्हा घालायच्या होत्या, पण हाताला मेंदी होती. बुनूचा काही संबंध नाही."

बाकारीचं तोंड उघडंच राहिलं. "तू? मेंदी लावून?"

"मेंदीच्या आधी."

"पण मी दुपारी बघितलं तेव्हा..."

"तू नाळेकडे बघितलंस," मिझे म्हणाली. "शिवण कधी बघतोस?"

लोक हसले. स्वालेह साहेबांनी एकदा मिझेकडे, एकदा माझ्याकडे, एकदा हॉटेलच्या पाहुण्यांची लाँच येत होती तिकडे पाहिलं. त्यांना काय समजलं असेल ते समजलं असेल. पण पाहुण्यांसमोर गुन्हा नको होता, बाईचा विसरभोळेपणा चालण्यासारखा होता.

"म्हणजे गुन्हा झालेलाच नाही!" त्यांनी जाहीर करून टाकलं. "बुनू, तुझं नाव आहे. आणि भरतीच्या आत शीड शिवून होणार असेल तर बाकारीचंही आहे."

त्यांनी बुनूचा सुरा परत दिला. माझा भाऊ माझ्याकडे बघून रडायला लागला, आणि मी त्याला म्हटलं, "गाढवा, रडतोस काय, जा आणि तळ पुन्हा एकदा बघ."

मग वाळूवर तीन माणसं बसली. कोंबोबाबा कुणी न बोलावताच सुया घेऊन आला होता. एका टोकाला मिझे, दुसऱ्या टोकाला झुहूरा. बाकारी टोक धरायला गेला तर मिझे म्हणाली, "तू सरक, सावली पडते." तासाभरानं त्या दोघी काहीतरी कुजबुजल्या आणि हसल्या. कशाला हसल्या ते मला कळलं नाही, आणि ते मला फार लागलं.

भरतीला शर्यत झाली. शीड शेवटपर्यंत टिकलं, एक टाका हलला नाही. पण बुनू एका होडीच्या अंतरानं पुढे निघाला, सगळं गाव पाण्यात उतरून ओरडत होतं, आणि होडीत म्हणाल तर थेंब नव्हता. धक्क्याचं काम माझ्या भावाला मिळालं.

संध्याकाळी बाकारी माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या दारात. "रिझिकी, खरं सांग. मिझेनं नाही उसवलं. कुणी उसवलं?"

"तू आज दोघींचे हात बघितलेस का रे?"

"बघितले की. छान रंगलेत."

मी त्याच्याकडे बघत राहिले. सकाळपासून तो पुरावा त्याच्या दोन्ही घरांत उघडा पडला होता. नवऱ्यानं बघावं म्हणून तर मेंदी काढतात. आणि या माणसासाठी मी तीस वर्षं जळत होते!

"जा घरी," मी म्हटलं. "आणि मटण मोजायचं बंद कर."

दुसऱ्या दिवशी दुपारी झुहूरा माझ्याकडे उजवा हात घेऊन आली. मिझे बरोबर होती. "डाव्यासारखा करून दे गं," मिझे म्हणाली, "लोक विचारतील." मी वाटी भिजवली. लवंगेचं तेल नवीन आणलं होतं, तेही घातलं. झुहूराचा हात माझ्या मांडीवर, आणि मिझे तिच्या शेजारी बसून तिला हलव्याचे घास भरवत होती. मी मान खाली घालून नक्षी काढत होते. हजारो बायकांचे हात बांधले मी. त्यांना भरवणारी कुणीतरी असते. माझे हात नेहमी दुसऱ्याच्या मेंदीत, मला कधी कुणी भरवलं?

माझ्या तोंडासमोर काहीतरी आलं. मी वर पाहिलं.

मिझेनं हलव्याचा घास धरला होता. "बघत काय बसलीस?" ती म्हणाली. "तुझे हात भरलेत ना?"

मी तोंड उघडलं.